नारायणरावाची हाक : आख्यायिका आणि इतिहास

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल बडोद्याहून पुण्यास गेली होती. सिंहगड, पर्वती, लाल महाल अशी स्थळे आम्ही शिक्षकांनी ठरविली होती. परंतु गाडी सुटल्यापासून मुलांच्या तोंडी एकच नाव होते, आणि ते म्हणजे शनिवारवाड्याचे. दिल्ली दरवाजातून आत पाऊल टाकताच नववीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आवाज कोणत्या बाजूने येतो?" कोणता आवाज, हे मी त्यास विचारले नाही; विचारण्याची आवश्यकताही नव्हती. भुतेखेते नसतात, असे काहीसे तुटक उत्तर देऊन मी पुढे चालू लागलो. मुले गप्प झाली, परंतु त्यांचे समाधान झाले नाही, हे दिसतच होते.

वाड्यातून बाहेर पडताना मी त्याच विद्यार्थ्यास विचारले, नारायणराव कोण होता? तो म्हणाला, "लहान मुलगा होता, त्याच्या काकाने त्याला मारले." काकाचे नाव काय, त्याने असे का केले, पुढे त्याचे काय झाले, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यास देता आले नाही. दोष अर्थातच त्याचा नव्हता. सहलीपूर्वी तो इतिहास सांगण्याचे काम माझे होते, आणि मी गाडीच्या आरक्षणात व भोजनाच्या व्यवस्थेत गुंतलो होतो. मुलास जे कोणी सांगितले ते त्याने ऐकले होते, व सांगणारे होते ते भ्रमणध्वनीवरील चलचित्रांचे कर्ते.

भूत असते की नसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मृतात्म्याच्या आरोळीसाठी प्रवासी एखाद्या वास्तूकडे ओढ घेतात, ह्यात नवलही नाही आणि वावगेही नाही. विषय आहे तो निराळाच. एका खऱ्या घटनेची भुताची गोष्ट झाली म्हणजे त्या घटनेतून काय उरते व काय गळून जाते, हे पाहणे अगत्याचे आहे. आणि आपण बडोदेकरांनी तर ते अधिकच अगत्याने पाहिले पाहिजे. कारण, जे गळून गेले आहे त्याचा बराच मोठा भाग आपल्या दाराशी घडलेला आहे.

प्रथम आख्यायिका. पौर्णिमेच्या मध्यरात्री शनिवारवाड्यातून "काका, मला वाचवा" अशी आर्त हाक ऐकू येते, असे सांगतात. कोणी पौर्णिमेऐवजी अमावास्या म्हणतो. हाक मारणारा कोवळा बालक असतो, आणि तो ह्या दालनातून त्या दालनात धावत असतो. देशातील 'झपाटलेल्या' वास्तूंच्या याद्या हल्ली जागोजागी वाचावयास मिळतात. त्यांत शनिवारवाड्याचे नाव बहुधा असतेच. सायंकाळी वाडा बंद झाल्यावरही तटाबाहेर कान देऊन उभी राहणारी माणसे असतात, असे पुण्यातील एका स्नेह्याने मला सांगितले.

आता इतिहास. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी ह्या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार होते. ह्याच वाड्यातून पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ मराठ्यांच्या राज्याचा कारभार चालला. थोरल्या माधवरावाचा थेऊर येथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी अंत झाल्यावर त्याचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. तो स्वभावाने तापट होता, राज्यकारभाराचा अनुभव त्यास नव्हता, आणि चुलता रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होता. राज्याची हाव असलेला चुलता, त्याच्याभोवती गोळा झालेली असंतुष्ट मंडळी, आणि थकलेल्या पगारासाठी कुरकुरणारे गारदी अशी ही स्फोटक जुळणी होती.

शके १६९५ च्या भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी सोमवारी, वाड्यात गणेशोत्सव चालू असताना दुपारी गारदी आत घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद यूसुफ ही त्यांच्या पुढाऱ्यांची नावे. वाड्यातील नोकर तुळाजी पवार हाही त्यांस सामील होता. नारायणराव धावत रघुनाथरावाकडे गेला व त्यास त्याने मिठी मारली. तेथेच त्याचा वध झाला. त्याच रात्री घाईने नदीकाठी त्याचे दहन उरकण्यात आले. त्याचे प्रेत ज्या दरवाजाने बाहेर नेले त्यास पुढे नारायण दरवाजा हे नाव पडले, असे परंपरा सांगते.

आख्यायिका आणि ही हकीकत शेजारी ठेवली म्हणजे पहिला फरक लक्षात येतो तो काळवेळेचा. वध झाला तो भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या वाड्यात. पौर्णिमा तेव्हा दोन दिवसांवर होती. नारायणराव बालकही नव्हता. त्याचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा, म्हणजे त्यास अठरा वर्षे पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते. त्याची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. ज्या दालनांतून त्याचा आत्मा धावतो असे म्हणतात, ती दालनेही आज नाहीत. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाड्याचा अंतर्भाग भस्मसात झाला. आज आपण पाहतो ते तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंज्याची बांधणी. परंतु हे फरक किरकोळ आहेत. गोष्ट सांगणाऱ्यास चांदणे लागते, ओसाड महाल लागतो, आणि करुणा वाढविण्यासाठी बालकही लागते. एवढ्यावरून त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

वादाचे कारण पुढे आहे. आख्यायिकेत फक्त दोन माणसे आहेत, मारला जाणारा पुतण्या व त्यास न वाचविणारा काका. हाक येते आणि विरून जाते. तिला ओ देणारा कोणी नाही. प्रत्यक्षात मात्र त्या हाकेला ओ देणारे होते. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पालथा पडला व त्याच्याबरोबर तुटला. इच्छारामपंत ढेरेही त्याच गर्दीत मारले गेले. वाड्यातील आणखीही काही माणसे त्या दिवशी प्राणांस मुकली. पेशव्यास वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु पळून जाणे बहुधा होते, आणि ते त्यांनी केले नाही. पुण्यास जाणाऱ्या शंभर प्रवाशांपैकी किती जणांस चापाजीचे नाव ठाऊक असेल? मी माझ्या सोबतच्या शिक्षकांस विचारले. चौघांपैकी एकास ते माहीत होते.

ओ देणारे दुसरे गृहस्थ म्हणजे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. नारायणरावाच्या मागे रघुनाथराव पेशवा झाला होता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध चौकशी करावयाची तोच राज्याचा धनी होता. अशा स्थितीत शास्त्रीबोवांनी चौकशी केली, रघुनाथरावास दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि अशा राज्यात राहणे नाही म्हणून पुणे सोडले. आपल्या देशाच्याच नव्हे तर कोणत्याही देशाच्या न्यायदानाच्या इतिहासात असे प्रसंग थोडेच असतील. पुढे रघुनाथरावाची सत्ता गेल्यावर ते पुन्हा न्यायासनावर आले.

ह्याच जागी 'ध' चा 'मा' ह्या प्रसिद्ध कथेचाही उल्लेख केला पाहिजे. 'धरावे' हा शब्द बदलून आनंदीबाईने 'मारावे' असा केला, ही समजूत आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की तिचा वाक्प्रचार होऊन बसला. विद्यार्थ्यांस तो अवश्य शिकवावा; परंतु वाक्प्रचार हा पुरावा नव्हे, हेही त्याच तासाला सांगावे. ही कथा परंपरेने आलेली आहे. तिच्या आधारे त्या बाईच्या माथी सगळा दोष मारला म्हणजे रघुनाथरावाचा भार आपोआप हलका होतो, आणि रामशास्त्र्यांनी बोट ठेवले होते ते तर रघुनाथरावावर. स्त्रीच्या कारस्थानाची कथा चटकदार असते. निकालपत्र रुक्ष असते. लोकांच्या स्मरणात ह्या दोहोंपैकी कोणते राहते, हे सांगावयास नको.

एक काळ असा होता की महाराष्ट्रातील साधारण सुशिक्षितास हा सर्व प्रसंग पुरतेपणी ठाऊक असे. ह्याचे श्रेय पुष्कळसे रंगभूमीस आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. त्यात रघुनाथराव व आनंदीबाई आहेत आणि त्यांच्यासमोर उभे राहणारे रामशास्त्रीही आहेत. १९४४ साली प्रभातने चित्रपट काढला तोही 'रामशास्त्री' ह्याच नावाचा. म्हणजे ह्या वधाची गोष्ट सांगताना त्या पिढ्यांनी न्यायाधीशास मध्यभागी ठेवले. नाटक हाही इतिहास नव्हे, त्यातही कल्पना असते. तथापि प्रेक्षक घरी जाई तो एक प्रश्न घेऊन. राजाच अपराधी असेल तर निवाडा कोणी करावयाचा, हा तो प्रश्न. भुताच्या गोष्टीतून घरी नेण्यास अंगावरील काट्याखेरीज काही मिळत नाही.

मात्र भुताची गोष्ट नेहमीच अशी पोकळ होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रघुनाथरावाचा पुत्र दुसरा बाजीराव ह्यास नारायणरावाचा समंध पछाडतो असे वाटे, आणि त्याच्या शांतीसाठी त्याने दानधर्म केला व पुण्याभोवती आंब्याची असंख्य झाडे लावविली, अशी एक परंपरागत हकीकत आहे. तीत किती तथ्य आहे हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिचा अर्थ स्पष्ट आहे. तेथे भूत प्रवाशांस दिसत नाही. ज्याच्या घरात अपराध घडला त्याच्या वारसास दिसते. वडिलांनी फेडले नाही ते ऋण मुलाच्या दाराशी येऊन उभे राहते. आपल्याकडील मुंजा, समंध, ब्रह्मराक्षस ह्यांच्या पुष्कळशा कथांमागे हीच कल्पना आहे की अन्याय पुरला तरी तो पुरून राहत नाही. लोकांची ती नीतिकथाच होती. आज प्रवाशांपुढे येते ती हीच कथा, पण तिच्यातील अपराधी काढून टाकलेला असतो.

अशी गोष्ट आपल्याकडेच घडते असे नाही. लंडनच्या टॉवरमध्ये १४८३ साली बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड व त्याचा नऊ वर्षांचा भाऊ ह्यांस ठेवण्यात आले. त्यांचा चुलता तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला, आणि ते दोघे मुलगे पुन्हा कोणास दिसले नाहीत. त्यांची भुते टॉवरमध्ये हातात हात घालून फिरतात, असे तेथेही सांगतात, आणि तेथेही ती गोष्ट ऐकण्यास जगभरातून माणसे येतात. पुतणे व चुलता, वाडा व हाक. साम्य विलक्षण आहे. परंतु भेदही मोठा आहे. त्या राजपुत्रांचे काय झाले ह्याविषयी इंग्रज इतिहासकार अजून वाद घालतात, कारण त्या काळी कोणी न्यायाधीशाने चौकशी करून निकाल दिला नाही. आपल्याकडे तो दिला गेला होता. इंग्रजांजवळ नव्हते ते आपल्याजवळ होते, आणि आपण तेच विसरावयास बसलो आहो.

आता बडोद्याकडे वळू. रामशास्त्र्यांच्या निकालाने रघुनाथराव पदच्युत झाला नाही. ते काम बारभाईंनी केले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके प्रभृतींनी गर्भवती गंगाबाईस पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला, तोच सवाई माधवराव. रघुनाथरावाच्या पक्षाचा पाया त्या दिवशी ढासळला. आश्रय शोधीत तो माळव्यातून गुजराथेत उतरला.

तो गुजराथेतच का आला, हे समजण्यास आपल्या संस्थानाची तेव्हाची स्थिती पाहावी लागते. दमाजीराव गायकवाड १७६८ साली वारल्यापासून त्याच्या पुत्रांत वारशाचा तंटा चालू होता. गोविंदराव व फत्तेसिंगराव दोघेही सेनाखासखेलीच्या अधिकारासाठी झगडत होते, आणि प्रत्येकास पुण्याहून कोणाचा तरी पाठिंबा हवा होता. रघुनाथरावाने गोविंदरावाचा पक्ष धरला होता. १७७५ च्या जानेवारीत तो बडोद्यास येऊन पोहोचला तेव्हा फत्तेसिंगराव शहरात होता आणि गोविंदराव बाहेरून वेढा देऊन बसला होता. शनिवारवाड्यातील भाऊबंदकी बडोद्याच्या भाऊबंदकीस अशी येऊन मिळाली.

हरिपंत फडके पाठलागावर होतेच. फेब्रुवारीत महीच्या काठी रघुनाथरावाचा मोड झाला. तो खंबायतेकडे पळाला व तेथून समुद्रमार्गे सुरतेस इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. साष्टी व वसई देण्याचे कबूल करून त्याने पेशवाई परत मिळविण्यासाठी इंग्रजांची फौज मागितली. कर्नल कीटिंग ती फौज घेऊन आला, आणि १८ मे १७७५ रोजी महीपलीकडे अडास येथे लढाई झाली. इंग्रजांची पुष्कळ माणसे पडली; तथापि हरिपंतांस मागे हटावे लागले. पावसाळ्यासाठी इंग्रज फौज डभोईस येऊन राहिली. फत्तेसिंगरावाने त्यांच्याशी समेट केला व भरुचेच्या उत्पन्नातील आपला हिस्सा त्यांस देऊ केला. इंग्रज व मराठे ह्यांच्या पहिल्या युद्धास आरंभ झाला तो असा, आपल्या परिसरात. ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. त्या तहाने रघुनाथराव कोपरगावी जाऊन बसला व ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच वारला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

अडास हे नाव बडोद्याच्या जुन्या माणसांस परिचयाचे आहे ते निराळ्या कारणाने. ऑगस्ट १९४२ मध्ये तेथील स्थानकावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण आपण करतो व ते करावयासच हवे. परंतु परकी सत्तेचे जे पाऊल त्या विद्यार्थ्यांस काढून लावावयाचे होते, ते पेशव्यांच्या गादीच्या कलहात प्रथम पडले ते एकशे सदुसष्ट वर्षांपूर्वी त्याच गावाच्या शिवारात, हे किती जणांच्या ध्यानात येते? शनिवारवाड्यातील त्या दुपारपासून अडासपर्यंत एकवीस महिनेही पुरते भरत नाहीत.

आणखी एक गोष्ट ह्या ठिकाणी सांगितलीच पाहिजे. पेशवाईचा हा इतिहास आपणांस ज्यांच्या परिश्रमाने सुसंगतपणे वाचावयास मिळतो, ते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यास होते. राजपुत्रांस शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्या अध्यापनासाठी केलेल्या तयारीतूनच त्यांची रियासत वाढीस लागली. निवृत्तीनंतर त्यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणांस नीट येत नाही, असे वाटल्याने एक शिक्षक कागदपत्रांकडे वळला, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे केवढे काम उभे राहिले! त्याच बडोद्यातील एका शाळेचा मुख्याध्यापक "भुतेखेते नसतात" एवढे सांगून पुढे चालू लागतो, ह्याची मला पुण्याहून परतताना लाज वाटली.

मग करावे काय? आख्यायिकेस हसणे हा उपाय नव्हे. तिच्यामुळेच मुले त्या दरवाजातून उत्सुकतेने आत शिरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. केवळ सनावळीने ती तशी शिरली नसती. ज्या सवाई माधवरावासाठी बारभाईंनी एवढा खटाटोप केला, तो ऐन एकविसाव्या वर्षी १७९५ च्या ऑक्टोबरात त्याच वाड्यात उंचावरून खाली कारंज्यावर पडला व दोन दिवसांनी वारला. तो मृत्यूही काही कमी करुण नाही. परंतु त्याची हाक कोणास ऐकू येत नाही, आणि म्हणून त्याच्याविषयी मला एकाही मुलाने प्रश्न केला नाही. आख्यायिकेने निदान एका तरुणाचे नाव जिवंत ठेवले आहे. तिने दार उघडून द्यावे व आत आपण शिक्षकांनी न्यावे, अशी वाटणी करता येईल. हाक कोणी मारली, ह्याबरोबरच ती ऐकून कोण धावले, कोणी निवाडा केला, कोण कोणाच्या आश्रयास गेला आणि त्याची किंमत कोणी दिली, एवढे मुलांस सांगितले म्हणजे पुरे. त्यासाठी एक तास लागतो. तो मी सहलीपूर्वी दिला नव्हता.

ह्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी त्याच वर्गास अडासला घेऊन गेलो. बडोद्याहून वासदपर्यंत जाऊन पुढे महीपलीकडील शेतांतून आम्ही हिंडलो. तेथे तटबंदी नाही, दरवाजा नाही, भुताची गोष्टही मला कोणी सांगितली नाही. एका झाडाखाली बसून मी मुलांस ३० ऑगस्टच्या दुपारपासून १८ मे पर्यंतची हकीकत सांगितली. पुण्यास आवाजाची दिशा विचारणारा तो विद्यार्थी सगळे ऐकून थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "सर, चापाजी टिळेकरांच्या घरच्यांचे पुढे काय झाले?" मला ते सांगता आले नाही. शाळेच्या ग्रंथालयात रियासतीचे खंड आहेत; परत आल्यावर आम्ही दोघांनी मिळून ते उतरविले.